धुक्यातली ‘मागे ये’

“सात नंबरवाले पण चालले!” आर्वो धावत आला आणि ट्रेलरच्या पायरीवर धपकन बसला.

सिल्वीने हातातली पास्टी, बटाटा-मांस भरलेली ती भाजलेली करंजी, ताटलीत ठेवली. सकाळपासून तंबू-ट्रेलरांचा हा तळ सोडून जाणारं हे दुसरं कुटुंब. तंबू, सायकली, कुत्रा, सगळं कोंबून गाडी निघाली, ती वळणावर आजीने केलेल्या टाटाकडेही न बघता. एल्मा आजी हात वर करून तशीच उभी राहिली. मग एप्रनला उगाचच हात पुसत ती सरपणाच्या ढिगाकडे गेली.

आता हे आजी-आजोबा म्हणजे काही साधं प्रकरण नव्हतं. निवृत्त झाल्यावर लोक बाग करतात, झोपा काढतात. यांनी काय केलं, तर राहतं घर विकून टाकलं आणि एक लांबलचक ट्रेलर घेतला. तेच त्यांचं घर. हिवाळ्यात ॲरिझोनाचं ऊन खायचं आणि उन्हाळ्यात मिशिगनच्या वरच्या टोकाला, सुपीरियर सरोवराच्या काठी, या तळाचं यजमानपद सांभाळायचं. पगार-बिगार नाही. ट्रेलर उभा करायला जागा आणि वीज-पाणी फुकट; त्याबदल्यात शेकोट्यांची राख काढा, संडास धुवा, रुसलेल्या पाहुण्यांची समजूत काढा आणि येईल त्याची गाडी सरळ उभी करून द्या. रायनो आजोबा तर याच पाण्यात पोहायला शिकले होते. मे महिन्यात इथे पोचलं की त्यांची कळी अशी खुलायची की बघत राहावं. सुट्टी लागली की सिल्वी आणि आर्वो ही नातवंडं त्यांच्याकडे हजर.

आणि या वर्षी, ऑगस्टचं धुकं सुरू झालं तसं, सरोवरात काहीतरी बोलायला लागलं होतं.

दुपारी पार्कच्या अधिकारी हॉलिस्टरबाई आल्या. बाईंचा गणवेश कडक इस्त्रीचा आणि चेहरा त्याहून कडक. लोक घाबरून पळताहेत, तक्रारींवर तक्रारी येताहेत, आणि हा सगळा चावटपणा कोणाचा आहे हे त्यांना चांगलं ठाऊक आहे, असं त्या आजोबांना म्हणाल्या. म्हणताना नजर पोरांवर होती. रविवारपर्यंत हे थांबलं नाही, तर यजमान बदलावे लागतील.

“माझी नातवंडं तसली नाहीत,” आजोबा म्हणाले.

“सगळ्यांचीच नातवंडं तसली नसतात,” बाई म्हणाल्या आणि गाडीत बसल्या.

आर्वोने विचारलं, इथून काढलं तर दुसरीकडे जाऊ, त्यात काय? घराला चाकं तर आहेत. आजोबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. चाकं आहेत रे, पण उभं कुठे करायचं? सगळ्या तळांच्या जागा हिवाळ्यातच भरून जातात. एवढंच बोलून ते ट्रेलरमागे निघून गेले. सिल्वीच्या मनात आलं, आपल्यामुळे आजी-आजोबांचं घर रस्त्यावर येणार, आणि आपण तर काही केलेलंच नाही.

“मग कोणी केलंय ते शोधू या,” डेल्फीन म्हणाली. ही निळ्या तंबूतली मुलगी, सिल्वीच्याच वयाची. भुताला भीत नाही असं ती दिवसातून चारदा सांगायची.

संध्याकाळी धुकं उतरलं. आधी समोरचा खडक गेला, मग धक्का गेला, मग पाणीही दिसेनासं झालं. तिघं काठावरच्या ओंडक्यावर एकमेकांना खेटून बसली. पाखरंही गप्प होती. कितीतरी वेळ काहीच नाही. आर्वो म्हणणार होता की चला, भूक लागली, आणि तेवढ्यात ते आलं.

“ये… मागे ये…”

बाईचा आवाज. घोगरा, चिरकत, पाण्याखालून आल्यासारखा.

“मागे ये… भिऊ नकोस राजा… मी आहे मागे…”

आणि मग, थोड्या वेळाने, एका पुरुषाचा आवाज. “कुठे? मला काहीच दिसत नाहीये!”

डेल्फीन सगळ्यात आधी पळाली. तिच्यामागोमाग सिल्वी, आणि आर्वो तर दोघींच्या पुढे गेला. तळापर्यंत कोणी थांबलं नाही. तिकडे आजी वॉकीटॉकी हातात घेऊन नुकत्याच लागलेल्या गाडीच्या चाकांना लाकडी ठोकळे लावत होती. एवढी तोंडं का उतरलीत, असं तिने विचारलं; तिघांनी नुसतं सरोवराकडे बोट केलं.

दुसऱ्या दिवशी सगळ्या तळावर एकच गोष्ट. फार पूर्वी एक जोडपं होडीसकट बुडालं म्हणे, आणि बायको अजून नवऱ्याला शोधते आहे. कोण बुडालं, कधी बुडालं, कोणालाच माहीत नव्हतं. पण सांगत सगळेच होते. ते ऐकून आजीचा पारा चढला. त्या संध्याकाळी धुकं आलं तशी ती शाल पांघरून स्वतःच काठावर जाऊन बसली. बघतेच कोण बोलतंय ते, म्हणाली. मुलंही तिला चिकटून बसली. पण अंधार पडेपर्यंत सरोवर चिडीचूप.

तळावर मात्र गोंधळ झाला होता. धुक्यात नवीन गाडी आली की आजी एक वॉकीटॉकी गाडीवाल्याच्या हातात द्यायची, दुसरा घेऊन स्वतः मागे उभी राहायची आणि बोलत बोलत गाडी मागे घ्यायची. आज आजी नव्हती, आणि त्या बटणांशी आजोबांचं कधी पटलंच नाही. त्यांनी नुसत्या आरोळ्या ठोकल्या आणि पाहुण्यांचा ट्रेलर नळाच्या खांबावर नेऊन घातला. नळ मोडला, कारंजं उडालं, आजोबा चिंब. आजी हसली नाही, यावरून ती किती काळजीत होती ते समजा.

शनिवारी पुन्हा धुकं. मुलं पुन्हा ओंडक्यावर. यावेळी पळायचं नाही असं ठरलं होतं.

“ये… ये राजा… अजून मागे…”

आर्वोने सिल्वीचा हात इतका आवळला की तिची बोटं दुखली.

“थांब… थांब म्हणते ना… टेबल आहे मागे… टेबल…”

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं.

“टेबल?” डेल्फीन कुजबुजली. “सरोवरात टेबल कुठून आलं?”

सिल्वी ताडकन उठली. तिच्या डोक्यात एकदम उजेड पडला होता. गाडीवाल्यांना राजा कोण म्हणतं? परवा आजी इथे बसली, तेव्हाच भूत का गप्प होतं? आणि भूत फक्त धुक्यातच का येतं? “अरे, ही आपली आजी आहे! गाडी मागे घेतेय ती!”

“पण आजी तिकडे आहे,” आर्वो म्हणाला. “मग आवाज इथे कसा?”

“तेच तर शोधायचंय. तू तळावर पळ. आजीला म्हणावं बटण दाबून बोलत राहा, थांबू नकोस. काहीही बोल.”

आर्वो गेला. दोघी मुली धुक्यात एकट्या उरल्या. आणि मग सरोवर पुन्हा बोलू लागलं.

“बटाटे… बारीक चिरायचे… किसायचे नाहीत…”

आजी पास्टीची कृती सांगत होती! पण त्या पांढऱ्या शांततेत तो फाटका आवाज ऐकून मुलींना हसू आलं नाही. त्या काठाकाठाने आवाजाच्या दिशेने निघाल्या. चिखल, मग लव्हाळी, मग गुडघाभर गार पाणी. “कांदा… मांस… मीठ विसरायचं नाही…” आवाज मोठा होत गेला, आणि अगदी कानाशी आला तेव्हा धुक्यातून एक काळा उंच आकार समोर उभा राहिला. डेल्फीनने डोळे मिटून घेतले. सिल्वीने हात पुढे केला. ताडपत्री लागली.

ती पार्कची गस्तीची बोट होती. जुलैत इंजिन बंद पडलं म्हणून हॉलिस्टरबाईंनी ती ओढून इथे लव्हाळ्यांत बांधून ठेवली होती. छपरावर सौरपट्टी, आत ताडपत्रीखाली एक हिरवा दिवा. चार्जरवर आजीच्याच संचातला तिसरा वॉकीटॉकी, चालूच राहिलेला, सदा भरलेला, आजीचा शब्दन्‌शब्द पाण्यावर ओकत होता. सिल्वीने त्याला हात लावला नाही. त्यांनी ताडपत्री पुन्हा नीट ओढून घेतली.

रविवारी संध्याकाळी हॉलिस्टरबाई आल्या तेव्हा आजोबांनी ट्रेलर ट्रकला जोडून रस्त्यावर काढलेला होता. मुलांनी सगळं सांगितलं होतं, तरी ते म्हणाले, बाईंनी हाकलायच्या आधी आपण तयार असलेलं बरं. आजीने त्यांच्याशी वाद घातला नाही. तिने सिल्वीला फक्त डोळा मारला.

सिल्वीने बाईंना विनंती केली, एकदाच काठावर चला. पाच-सहा पाहुणेही मागून आले. धुकं दाट होतं. बाई घड्याळ बघत होत्या.

“हॉलिस्टरबाई…” सरोवर म्हणालं.

बाईंचा हात घड्याळावरच राहिला.

“भिऊ नका… मागे या… बोटीची किल्ली… तुमच्याच खिशात आहे ना?”

बाईंचा चेहरा पांढरा पडला. हात आपोआप खिशात गेला. किल्ली होती. त्यांनी किल्लीकडे पाहिलं, मग लव्हाळ्यांकडे, मग समोर उभ्या असलेल्या, ओठ चावून हसू दाबणाऱ्या दोन मुलींकडे.

“अरे देवा,” त्या म्हणाल्या. “तो बंद करायचा राहिला माझ्याकडून.”

बाई कडक होत्या, पण खोट्या नव्हत्या. त्या तशाच तळावर गेल्या आणि सगळ्यांसमोर आजी-आजोबांची माफी मागितली. मुलांनाही म्हणाल्या, की मी तुम्हाला चोर ठरवलं आणि तुम्ही माझीच चूक शोधून दिलीत, शाबास. पुढचे उन्हाळे ही जागा एल्मा आणि रायनोची, हवे तितके. आजोबांनी नाक शिंकरलं आणि धुक्याने सर्दी झाली असं सांगितलं. कोणाचाही विश्वास बसला नाही.

पण आता ट्रेलर पुन्हा जागेवर घ्यायचा होता, आणि धुक्यात पुढचं काही दिसत नव्हतं. आजीने आजोबांच्या हातात वॉकीटॉकी कोंबला, कुठलं बटण दाबायचं ते दाखवलं आणि ती मागे गेली. मुलं काठाकडे धावली. बोटीतलं यंत्र अजून चालूच होतं. ओंडक्यावर पाहुणे बसले होते, आणि आता कोणीही पळत नव्हतं.

“मागे ये, रायनो,” पाण्यावरून आवाज आला.

“कुठे आहेस तू? मला काहीच दिसत नाहीये.”

“इथेच आहे मी. तुझ्या मागे. ये.”

आर्वो बहिणीला टेकून बसला. थोड्या वेळाने तळाकडून ब्रेकचा करकर आवाज आला आणि आजी म्हणाली, “हं, थांब. आलं घर.”