अकरा मिनिटांचा निरोप

खरं सांगायचं तर मी भांडायला गेले होते.

अमलापुरात कालव्याकाठच्या रस्त्यावर ‘मौळी व्हिडिओ’. माझ्या हातात मामाने इथून करून आणलेली डिस्क आणि डोक्यात राग. दुकानदार कुणी ढेरपोट्या असणार असं धरून मी वाटभर वाक्यं जुळवत आले होते... आणि पाहते तो काय, एक तरुण उघड्या कॉम्प्युटरच्या पोटातली धूळ रंगाच्या ब्रशने झाडत बसलेला. भुवईवर धूळ, दातांत स्क्रू.

“ही डिस्क तुम्ही केलीत?”

त्याने स्क्रू काढला. हसला. “आवडली?”

“आवडली? माझी अम्मा हरिकथा सांगतेय आणि तिच्या डोक्यावरून दोन पोपट गुलाबाचा हार घेऊन उडताहेत! तिचा आवाज कुठाय? सगळीकडे नुसतं नादस्वरम!”

“लग्नाच्या मांडवातली कॅसेट होती ना...” तो चाचरला. “इथे सगळे म्हणतात, मांडवातला गोंगाट काढ, वर छान वाद्यं घाल. पोपट तर मी माझ्याकडून दिले हो.”

“गोंगाट?” माझा आवाज चिरकला. 

त्याने स्टूल पुढे केलं. मग मी सांगितलं. सतरा वर्षांपूर्वी मामाच्या लग्नात अम्माने रुक्मिणीकल्याण, म्हणजे रुक्मिणीस्वयंवराची कथा, सांगितली होती. दोन वर्षांमागे तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. आता कान तोंडाशी नेला तरच तिची कुजबूज ऐकू येते. यंदा मुक्कोटी म्हणजे वैकुंठ एकादशीला, देवळात, तिच्या जागी मी पहिल्यांदा उभी राहणार. सगळी कथा मला येते. फक्त रुक्मिणी कृष्णाला निरोप धाडते तेवढा भाग येत नाही. तो अम्माने स्वतः बांधला होता. “तू उभी राहशील तेव्हा देईन,” म्हणायची. द्यायच्या आधी गळाच गेला. आता तो निरोप फक्त त्या कॅसेटमध्ये.

त्याचा चेहरा उतरला. “मूळ आवाज पुसला मी. हा म्हातारा आहे,” त्याने कॉम्प्युटरवर हात ठेवला, “याच्या पोटात एकच लग्न मावतं. दुसरं आलं की पहिलं पुसायचं. कॅसेट पुन्हा चालवावी लागेल. पण फितीला बुरशी आहे. आणखी एकदा चालेल. त्यानंतर... देव जाणे.”

“एकदा पुरे,” मी म्हणाले. “पण या वेळी मी इथे बसणार.”

“पोपटांवर पहारा?”

“तुमच्यावर.”

चार दिवस तो कापसाच्या बोळ्याने ती फीत पुसत होता. वीत वीत. मी रोज दुपारी जायची. पहारा द्यायला हो... दुसऱ्या दिवशी पेसरट्टू, मुगाचे डोसे, घेऊन गेले, तेही पहाऱ्यासाठीच. चंद्रमौळी त्याचं नाव. मला तो अदबीने ‘अलिवेलूगारू’ म्हणायचा. खाली मान घालून काम करायचा आणि मी गुणगुणायला लागले की हात थांबायचे.

“थांबलात का?”

“आवाज ऐकतोय.”

“गोंगाट ना?”

“अलिवेलूगारू, मरेपर्यंत ऐकवणार का आता हे?”

“बघू...” मी म्हटलं. आणि माझेच कान तापले.

पाचव्या दिवशी कॅसेट लावली. “माउसला हात लावायचा नाही,” तो म्हणाला. “म्हाताऱ्याचं लक्ष विचलित झालं तर चित्र पुढे आणि आवाज मागे राहील.” पडद्यावर अम्मा आली. पायांत चाळ, हातात चिपळ्या, गळ्यात झेंडूची माळ. आत्ताच्या माझ्याहून जेमतेम दहा वर्षांनी मोठी. तास गेला. रुक्मिणीने ब्राह्मणाला बोलावलं—

आणि वीज गेली.

टेबलाखालच्या बॅटरीची किंचाळी सुरू झाली. टेबलफॅन थांबला. “थांबवू?” मी ओरडले.

“थांबवली तर फीत चिकटेल. किती वेळाचा आहे निरोप?”

“अम्मा म्हणते, अकरा मिनिटं.”

“बॅटरी सात मिनिटं टिकते.” त्याने क्षणभर विचार केला आणि सरळ पडद्याची वायर उपटली. चित्र गेलं. “सगळ्यात जास्त वीज हाच खातो. आता काही दिसणार नाही. पण म्हातारा तापतोय—”

भिंतीला ताडाच्या पानाचा पंखा होता. मी तो घेतला आणि उघड्या कॉम्प्युटरला वारा घालू लागले, देवाला घालतात तसा. छोट्या स्पीकरमधून अम्मा गात होती, “तू आला नाहीस तर हा प्राण ठेवून काय करू...” मौळीची नजर घड्याळावर. मग घड्याळावरून माझ्यावर. मग घड्याळाकडे परत गेलीच नाही.

निरोप संपला. कॅसेटमधल्या मांडवाने गजर केला, “श्रीमद्रमारमण गोविंदो हरी!” आम्हीही केला. मौळीने न बघता फाइल साठवायच्या दोन कळा दाबल्या. दोन श्वास गेले, आणि बॅटरीने मान टाकली.

“आलं का सगळं?”

“वीज आली की कळेल.”

तास बसलो. 

“रुक्मिणीकल्याण पुरं ऐकलं की वर्षाच्या आत लग्न ठरतं म्हणतात,” तो छताला म्हणाला.

“ऐकणाऱ्याचं.”

“मी तर दोनदा ऐकलं.”

“पहिल्यांदा नादस्वरम घालून. ते धरत नाहीत.”

वीज आली. म्हातारा घुरघुरत उठला. मौळीने फाइल उघडली... आणि अम्मा गायला लागली. स्वच्छ! अक्षर न् अक्षर! मी स्टुलावरून उठले आणि भर दुपारी दुकानात गिरकी घेतली. रस्त्यावरचा नारळवाला सायकल थांबवून बघत राहिला.

त्यानंतरचा आठवडा अम्मा रिमोट घेऊन बसली. स्वतःच्या गाण्याला थांबवायची, माझ्या कानाशी कुजबुजायची, “इथे श्वास आधी घे. मी घेतला नव्हता, तू घे.” हरवलेला आवाज समोर होता, आणि ती त्याच्याही चुका काढत होती!

मुक्कोटी एकादशीला देऊळ खचाखच. मी निरोप गायला. माझ्या गळ्यातून अम्मा आणि अम्माच्या पलीकडून ती विदर्भाची राजकन्या. शेवटच्या ओळीला म्हाताऱ्या बाया डोळे पुसत उभ्या राहिल्या आणि गोविंदाच्या गजराने गोपुरावरचे पारवे उडाले.

मंगळारती झाली. लोक रांगेने प्रसाद घेत होते. मौळी कॅमेऱ्याच्या तिकाटण्याशी खुडबुडत होता. मी आले तरी मान वर नाही.

“मौळी, रुक्मिणीपाशी निरोप न्यायला ब्राह्मण होता. माझ्यापाशी कुणी नाही, म्हणून स्वतःच आले. मला तू हवास.”

 तो घाईघाईने, “थांब... थांब, कॅमेरा चालू करतो, पुन्हा म्हण—”

“नाही. हे एकदाच.”

त्याने कॅमेरा सोडला. रांग तोडून सरळ अम्मापुढे जाऊन हात जोडले. “अम्मा, अलिवेलू... म्हणजे मी... तुमची परवानगी...”

बघता बघता देऊळ चिडीचूप झालं. इतकं की अम्माची कुजबूज पार शेवटच्या खांबापर्यंत गेली.

“आधी प्रसाद खा, बाबा. मग तिथी काढू.”