सोळा पांढऱ्या रेघा

शनिवारी दुपारी, सरावाच्या तिसऱ्या फेरीत, लाल गाडीचं पुढचं डावं चाक निघालं आणि गाडीच्या आधी वळणावर पोचलं. गाडी ओल्या ट्रॅकवरून घसरत जुन्या टायरांच्या ढिगात शिरली. चालवणारीला साधं खरचटलंही नाही. तरी रविवारी सकाळी सात वाजता ती गेस्ट हाउसच्या जेवणघरात येऊन उभी राहिली, तेव्हा तिचा चेहरा पार उतरलेला होता.

"अपघात झालेल्या गाड्या बघून काय घडलं ते सांगता, त्या बाई तुम्हीच ना?"

बाईंनी चहाचा कप खाली ठेवला. पंचवीस वर्षं त्यांनी विमा कंपनीसाठी मोडक्या गाड्या तपासल्या होत्या. आता तेच काम त्या स्वतंत्रपणे करायच्या आणि जास्त नीट करायच्या, कारण वर साहेब नव्हता. शेजारी त्यांचे यजमान बसले होते. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले हे मास्तर शर्यती बघायला म्हणून बायकोला इथे घेऊन आले होते आणि दोन दिवस खिडकीतून दिसणारा पाऊस वहीत काढत होते.

"बस," बाई म्हणाल्या. "चहा घे आणि सांग."

पोरीने कप डाव्या हाताने उचलला. उजव्या तळहाताला पट्टी होती.

"हाताला काय झालं?"

"स्टिअरिंगने फोड आलाय." तिच्या कमरेला जाड कातडी हातमोजे लटकत होते. ती अँब्युलन्स चालवायची आणि सुटीच्या दिवशी शर्यतीत उतरायची. "बाई, आमची टीम म्हणजे आमचं घर. आबा, दादा, वहिनी आणि मी. गाडी सात वर्षं खपून आबांनी उभी केलीय. आता निरीक्षक म्हणतात, आबांनी नट आवळलेच नाहीत. अकरा वाजता निष्काळजीपणाचा शेरा पडणार. मग गाडी बाद आणि आबांचं मिस्त्रीचं कार्डही रद्द. आणि आबा त्या कागदावर सही करायला निघालेत!"

"म्हणजे त्यांची चूक त्यांना मान्य आहे?"

"चूक नाहीच! चाक सैल नव्हतं. शपथेवर सांगते."

बाईंनी तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "चला हो," त्या मास्तरांना म्हणाल्या. "वही घ्या. आज पाऊस नाही, नट काढायचेत."

*

टीमची शेड म्हणजे तीन पत्र्याच्या भिंती आणि पुढे ताडपत्री. लाल गाडी काल ओढून आणून तिच्या जागी लावली होती, निघालेल्या चाकाच्या जागी ठोकळा देऊन. तिची उजवी बाजू भिंतीला इतकी खेटून होती की मधून मांजरही तिरकं झाल्याशिवाय गेलं नसतं.

आबा कोपऱ्यात खुर्चीवर बसले होते. धुतलेला निळा डगला, सगळी बटणं लावलेली. समोरच्या टेबलावर निरीक्षकांचा कागद आणि पेन होतं.

"तुम्ही नट आवळले होते का, मिस्त्री?" बाईंनी सरळच विचारलं.

"आवळले. काल सकाळी साडेसहाला, बाहेर अंगणात. चाकाला चार, असे सोळा. प्रत्येक आवळून झाला की त्याच्यावरून चाकावर पांढरी रेघ ओढली. नट हलला की रेघ तुटते, लगेच दिसतं. मग पाऊस आला म्हणून गाडी आत ढकलली आणि मी नोंदणीच्या रांगेत गेलो."

"आणि नंतर पुन्हा तपासले?"

म्हाताऱ्याने मान वर केली. "मी एकदाच आवळतो. दुसऱ्यांदा हात लावला म्हणजे पहिल्या वेळी मन लावलं नव्हतं. चाळीस वर्षं असंच करतोय."

"मग सही कशाला करताय?"

आबांनी उजवा हात पुढे केला. तो बारीक थरथरत होता. "शुक्रवारी या हातातून पाना पडला, सगळ्यांसमोर. कुणी काही बोललं नाही, पण मला कळलं. मला वाटतं की आवळले. पण हातच असा असेल, तर मला वाटण्याला किती किंमत द्यायची?" त्यांनी हात खिशात घातला.

मास्तरांना गलबलून आलं. बाई मात्र गाडीच्या मागच्या डाव्या चाकापाशी उकिडव्या बसल्या होत्या.

"अहो, हे काढा. जसं दिसतंय तसं. सुधारायचं नाही."

मास्तरांनी काढलं आणि नाक मुरडलं. चारही नटांवर रेघ तुटलेली होती. नटावरचा तुकडा चाकावरच्या तुकड्याच्या थोडा उजवीकडे सरकलेला. "चारही एकाच बाजूला वाकडे. अगं, निदान एक तरी सरळ दाखवतो ना, चित्र बरं दिसेल."

"खबरदार!" बाई म्हणाल्या.

ताडपत्री बाजूला करून आबांचा थोरला मुलगा आत आला. हातात पत्र्याचा डबा होता. "हे बघा. पुढच्या चाकाचे चारही नट, झेंडेवाल्याने ट्रॅकवरून वेचून दिलेत. कुणीतरी सैल केले होते! मागच्या चाकाच्याही रेघा तुटल्यात, अजून काय पुरावा पाहिजे? हे त्या गॉगलचं काम आहे."

गॉगल म्हणजे शेजारच्या टीमचा प्रमुख. भर पावसातही तो काळा चष्मा काढत नसे.

बाईंनी एक नट उचलून डोळ्याला लावला. मग दुसरा, मग बाकीचे दोन. "आरपार दिसत नाही," त्या म्हणाल्या. "एकातूनही."

"चिखल बसला असेल," मास्तर म्हणाले.

बाईंनी नट पुसून त्यांच्यापुढे धरला. आत बोल्टचा तुटका तुकडा अडकला होता. मास्तरांनी तोही काढला. तुटल्या टोकाला तो गाजरासारखा निमुळता झाला होता.

"तू काल सकाळी गाडीला हात लावला होतास?" बाईंनी मुलाला विचारलं.

"मी? छे. मी डिझेल आणायला गेलो होतो, जनरेटरसाठी."

"हा पाईप कशाला?" खिळ्याला हातभर लांबीचा पोकळ पाईप टांगला होता. आतून त्याला नवे चकचकीत ओरखडे होते.

"ताडपत्रीवर पाणी साचतं, ते खालून ढोसायला."

"ढोसायला," बाईंनी मान हलवली आणि खालची हत्यारं बघितली. चाकाचा लांब दांड्याचा पाना वेगळा पडला होता. दांड्यावर चिखल वाळला होता आणि त्यात छोट्या छोट्या चांदण्या उमटल्या होत्या. "याला कालपासून कुणी हात लावला?"

"कुणी नाही," आबा म्हणाले. "कालपासून कशालाच नाही."

*

वहिनी पलीकडच्या कट्ट्यावर फेऱ्यांच्या वेळांची वही घेऊन बसली होती. दिसायला काडी, बोलायला फटाकडी.

"खरं सांगू? मला या शर्यती नकोच आहेत. दर वेळी ही पोर ट्रॅकवर जाते आणि माझा जीव टांगणीला लागतो. पण म्हणून मी चाक सैल करीन का? मला तो पाना फिरतसुद्धा नाही, केवढा जड आहे! मी शेडमध्ये फक्त वही घ्यायला गेले होते. हां, त्या गॉगलला मी आमच्या शेडमधून बाहेर येताना पाहिलं. काहीतरी खिशात लपवत होता."

ती उठून निघाली. ओल्या फरशीवर तिच्या बुटांचे ठसे उमटले. मास्तर कौतुकाने बघत राहिले. "नक्षी छान आहे. चांदण्या."

बाई त्यांच्याकडे वळून हसल्या. मास्तरांना वाटलं, आपली कलादृष्टी आवडली.

गॉगलने मात्र लपवाछपवी केली नाही. खिशातून त्याने फोन काढला. त्यात लाल गाडीच्या चाकाचे फोटो होते. "चोरलं म्हणा हवं तर. म्हातारबाबा ज्या पांढऱ्या रेघा ओढतात ना, त्याच आता मी माझ्या गाडीला ओढतो. तोंडावर विचारायची लाज वाटली. अहो, त्यांच्यासारखा मिस्त्री या ट्रॅकवर नाही." मग त्याने डोकं खाजवलं. "एक सांगू? काल सकाळी त्यांच्या शेडमधून पान्याची करकर ऐकू आली. थोड्या थोड्या वेळाने, तीनदा. म्हटलं, काय कसून काम करतात ही माणसं!"

"तीनदा. नक्की?"

"पत्र्याची भिंत आहे मधे. शिंकलं तरी ऐकू येतं."

*

साडेदहाला बाईंनी सगळ्यांना शेडमध्ये गोळा केलं. निरीक्षक आपला मापाचा पाना घेऊन आले. ठरवलेला जोर पोचला की 'टक्' करणारा.

"निरीक्षकसाहेब, आधी गाडी भिंतीपासून पुढे घ्यायला सांगा आणि उजव्या बाजूचे नट तपासा."

उजवीकडच्या आठही रेघा अखंड होत्या. निरीक्षकांनी पहिल्या नटाला पाना लावला. टक्. नट तसूभरही हलला नाही. दुसरा, टक्. आठव्या टक् ला निरीक्षकांनी टोपी मागे सरकवली. "माप बरोबर आहे. अगदी बरोबर. पण मग डावीकडच्या रेघा तुटल्या कशा? नट सैल झाल्याशिवाय रेघ तुटत नाही."

"तीच चूक सगळ्यांनी केली. रेघ तुटली म्हणजे नट हलला, एवढंच. कुठल्या बाजूला हलला ते फक्त आमच्या यजमानांनी नोंदवलं." बाईंनी वही उघडली. "नटावरची रेघ उजवीकडे गेलीय. म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. नट त्या दिशेने फिरला की सैल होतो की घट्ट?"

"घट्ट," आबा हळूच म्हणाले आणि खुर्चीतून उठले.

"घट्ट. मिस्त्रींनी आवळल्यावर कुणीतरी ते आणखी आवळले. इतके, की आतले बोल्ट ताणले गेले. चाक सैल असतं तर बोल्ट कापल्यासारखे तुटले असते. हे गाजरासारखे निमुळते झालेत. ओढून तुटलेत."

"पण कुणी?" मुलगा म्हणाला.

"डाव्या बाजूलाच का, ते बघा. उजवी बाजू भिंतीला खेटलेली होती, तिथे पाना फिरवायला जागाच नव्हती. म्हणजे हात लागले ते गाडी आत आल्यावर, मिस्त्री रांगेत असताना. आणि करकर आली तीनदा." बाई पोरीकडे वळल्या. "तुझे हातमोजे इतके जाड आहेत की स्टिअरिंगने फोड येणारच नाही. तो उघड्या हाताने पाना ओढल्याने आलाय. चाक सैल नव्हतं अशी शपथ तू घेतलीस, कारण ते तू स्वतः आवळलं होतंस."

पोरीने पट्टीचा हात पाठीमागे नेला.

"दादाने आवळलं पान्याला पाईप जोडून. पाण्याला ढोसल्याने पाईपला आतून ओरखडे पडत नाहीत, पान्याच्या दांड्यावर चढवल्याने पडतात. आणि वहिनी, तुला पाना हाताने फिरत नाही हे खरं. म्हणून तू त्याच्यावर उभी राहिलीस. तुझ्या बुटांच्या चांदण्या दांड्यावर आहेत."

वहिनीने पदराने डोळे पुसले. "दोन्ही चाकांना. प्रत्येक नटावर. मला वाटलं, जरा जास्त घट्ट असलेलं बरं."

"म्हणजे तू पण?" मुलगा तिच्याकडे बघत राहिला.

"शुक्रवारी मिस्त्रींच्या हातून पाना पडला," बाई म्हणाल्या. "तिघांनीही पाहिलं. तिघांनीही दुसऱ्याला कळू न देता एकच गोष्ट केली. नंतर चाक निघालं तेव्हा प्रत्येकाला वाटलं, मी तर घट्ट केलं होतं, माझ्यानंतर कुणीतरी सैल केलं. पण तोंड उघडायचं म्हणजे आबांना सांगायचं की तुमच्या हाताचा भरवसा वाटला नाही. ते कुणाच्याच जिभेवर येईना. त्यापेक्षा गॉगलला चोर ठरवणं सोपं गेलं."

आबा टेबलापाशी गेले. त्यांनी तो कागद उचलला, नीट घडी घातली आणि निरीक्षकांच्या हातात दिला.

"हे घेऊन जा साहेब. माझी सही मिळणार नाही."

मग ते तिघांकडे वळले. "हात थरथरतो. कप धरताना थरथरतो, बटण लावताना थरथरतो. पान्यावर बसला की थांबतो. तुम्ही विचारलं असतं तर दाखवलं असतं. मीही दाखवलं नाही म्हणा. कालपासून मलाच खात्री नव्हती."

"आबा, चुकलो," मुलगा म्हणाला.

"चुकलातच. आता नवे बोल्ट आणा. आठ."

"माझ्याकडे आहेत!" ताडपत्रीबाहेरून गॉगल ओरडला. तो मघापासून तिथेच भिजत उभा होता. आत येऊन त्याने डबा आबांच्या पुढ्यात ठेवला आणि या दोन दिवसांत पहिल्यांदाच चष्मा काढला. "एकच अट आहे. आवळताना मला बघू द्यायचं."

निरीक्षकांनी मूळ शेरा खोडला. त्याजागी लिहिलं: 'मिस्त्रीचं काम अचूक.' खाली सही, वेळ, शिक्का. वहिनीने त्या कागदाचा फोटो काढला, मग आणखी एक काढला.

नवे बोल्ट बसवून झाले आणि आबांनी पाना हातात घेतला. तिघंही जवळ उभी होती, हात पाठीमागे बांधून. थरथरणारा हात दांड्यावर टेकला आणि शांत झाला. आठ नट, आठ रेघा. निरीक्षकांनी मापाचा पाना पुढे केला, तेव्हा पोरगीच आडवी आली. "नको साहेब."

"लावू दे," आबा म्हणाले. "त्यांचं काम त्यांनी करावं."

आठ वेळा टक् झालं.

दर शर्यतीआधी गाडीत बसताना एकदा चारही चाकांभोवती फिरायचं, अशी पोरीची सवय होती. त्या दिवशी ती थेट दरवाजा उघडून आत बसली. चाकांकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. आबांनी ते पाहिलं आणि तोंड फिरवून उगाच ताडपत्रीची गाठ सोडवायला घेतली. गाठ लवकर सुटली नाही.

एकोणीस गाड्यांत लाल गाडी सहावी आली. त्या घराने जो आरडाओरडा केला, त्यावरून पहिल्या आलेल्या टीमला वाटलं, निकालात काहीतरी गोंधळ झालाय.

धावपळ ओसरल्यावर मास्तर वही घेऊन गाडीभोवती फिरले. प्रत्येक चाकापाशी वाकून बघितलं, मोजलं, काढलं. मग पान फाडून आबांच्या हातात दिलं.

"सोळा," ते म्हणाले. "सोळाही सरळ. आणि मी काही सुधारलेलं नाही, विचारा हवं तर हिला."

आबांनी कागद थरथरत्या हातात धरला आणि तो थरथरतोय हे लपवलं नाही.