चांदणीच्या जागी परात

दुपारी अडीच वाजता सारंगखेड्याच्या घोडेबाजारात चांदणी घोडीने दावं तोडलं. सकाळपासूनची ही तिसरी वेळ. तिने पाण्याचा ड्रम लवंडवला आणि तिला धरायला धावलेल्या करणसिंग मामांच्या पायावर टाप दिली. जखम मोठी नव्हती, पण पाहणारे पुष्कळ होते.

त्यांत गुलाबसिंग आबाही होते. घोडा घेण्याआधी लोक त्याच्या अंगावरचे केसांचे भोवरे आबांना दाखवतात. कुठला भोवरा शुभ, कुठला घातकी, हे आबा सांगतात आणि त्यावर सौदे ठरतात किंवा मोडतात. त्यांनी चांदणीच्या मानेवरून हात फिरवला. हात एका जागी थांबला.

"करण, हाऊ भोवरा वाईट शे. हाई घोडी मालकले पाडी. घरमा ठेवू नको."

मामांनी एका व्यापाऱ्याला फोन करून चांदणी विकायचं ठरवलं आणि संध्याकाळी गाडी घेऊन यायला सांगितलं.

नाताळच्या सुट्टीत मामांकडे आलेली आठवीतली गायत्री हे सगळं ऐकत होती. चांदणी शिंगरू असताना तिला बाटलीने दूध पाजलं होतं ते गायत्रीनेच.

"मामा, सकाळपर्यंत ती गरीब गाय होती," तिचा धाकटा भाऊ भरत म्हणाला. "भोवरा काय न्याहारीनंतर उगवला?"

"तू गप ऱ्हाय," मामा म्हणाले आणि पायाला फडकं बांधायला गेले.

तेवढ्यात नेहल आली. बाजारात तिच्या आजोबांचं, छगनलालांचं, घोड्यांच्या चंदीचं दुकान होतं. ती नाशिकला शिकते आणि तिथल्या क्लबात रायफल शूटिंग करते, हे तिने दोन दिवसांत सगळ्यांना निदान चार वेळा सांगितलं होतं.

"तोंडात काय आहे रे?" तिने भरतला विचारलं.

"वाटाणा. चांदणीच्या पायाशी सांडलेत. पण फुटत नाही."

"शी! घोड्याचं खातोस? आणि आजोबांच्या चंदीत वाटाणा नसतोच. हरभरा, मका, बाजरी, बस."

भरतने तो तळहातावर काढला. पिवळा, गुळगुळीत, अगदी गोल. नेहलने नख रुतवून पाहिलं, रुतेना. गायत्री गवतात गुडघ्यावर बसली. एक, दोन, सात... सगळे तसेच.

"प्लास्टिक आहे," नेहल म्हणाली. "छर्ऱ्याच्या बंदुकीतलं."

तिघांनी एकदमच वर पाहिलं. चांदणीच्या मागे माणूसभर उंचीची ताडपत्री होती. ताडपत्रीपलीकडे फुगे फोडण्याचा स्टॉल होता.

स्टॉलवर तीन बंदुका होत्या. दोन साध्या. तिसरीवर दुर्बीण होती आणि तिच्यासाठी रांग लागली होती. ती बंदूक हातात घेणारा प्रत्येकजण वरच्या ओळीतल्या मोठ्या लाल फुग्यावर नेम धरत होता. फुगा सकाळपासून तसाच होता.

"दुर्बीण कधी बसवली, अजितभाऊ?" गायत्रीने स्टॉलवाल्याला विचारलं.

"आज सकाळी. नवी कोरी आहे."

"बसवल्यावर नेम जुळवला?" नेहल म्हणाली.

"दुर्बिणीचा नेम काय जुळवायचा? नेम धरायलाच तर ती आणली."

"अहो, ती बघते एकीकडे आणि नळी दुसरीकडे. जुळवल्याशिवाय गोळी जाते तरी कुठे?"

"फुगा फुटत नाही म्हणून बंदुकीला नाव ठेवतेस काय, ताई? नेम तुमचाच कच्चा."

रांगेतले लोक हसले. नेहलचे कान लाल झाले. गायत्रीने तिचा हात ओढला.

"वाद नको. दाखवून देऊ."

गायत्रीने चांदणीला पार दुसऱ्या टोकाला नेऊन बांधलं. तिच्या रिकाम्या जागी बांबू रोवला आणि घोड्याच्या पाठीइतक्या उंचीवर पितळी परात लटकवली. आसपासची माणसं, जनावरं हलवली. भरत मामांना आणि आबांना घेऊन आला. सगळे लांब उभे राहिले.

"काय करी ऱ्हायना रे तुम्ही?" आबांनी विचारलं.

"आबा, फक्त ऐका," भरत म्हणाला.

पलीकडे नेहलने चंदीच्या पोत्यावर बंदूक टेकवली, म्हणजे हात हलायला नको. लाल फुगा, दुर्बिणीतली फुली, श्वास रोखलेला. फट्!

काहीच नाही. अजित हसला.

फट्!

टण्ण!

परात बांबूवर हेलकावली. अजितचं हसू जागच्या जागी थांबलं. नेहलने तोच नेम धरून पुन्हा चाप ओढला. टण्ण! रांग मोडून लोक ताडपत्रीच्या कडेने पलीकडे पाहू लागले.

मग नेहलने फुग्यांच्या फळ्याच्या पायथ्याशी जाड खोका ठेवला, त्यावर कोळशाचा ठिपका काढला आणि त्याच ठिपक्यावर पाच गोळ्या मारल्या. पाचही भोकं एका ठिकाणी पडली होती, पण ठिपक्यापासून वीतभर वर आणि उजवीकडे.

"बघा. माझा नेम कच्चा असता तर भोकं विखुरली असती."

दुर्बिणीवरची दोन झाकणं काढून तिने आतल्या चकत्या फिरवल्या, एक खाली, एक डावीकडे. पुन्हा गोळ्या. भोकं जवळ सरकली. पुन्हा चकत्या. आता भोक ठिपक्यातच.

"अजितभाऊ, आता तुम्ही मारा."

अजितने मारली. लाल फुगा फुटला. भरतने शिट्टी मारली. अजितने मात्र बंदूक खाली ठेवली, दुर्बीण सोडवली आणि लंगडत येणाऱ्या मामांकडे बघून म्हणाला, "चुकलं माझं. मागे जनावरं आहेत, हे बघायला हवं होतं."

आबा चांदणीपाशी गेले. तिच्या मागच्या पुठ्ठ्यावरचे केस बोटांनी बाजूला करत त्यांनी बराच वेळ पाहिलं. मुगाएवढ्या गाठी होत्या, तीन-चार.

"भोवरा तर शेच," ते म्हणाले. "पन हाऊ मार बंदूकना शे. पोरेसनी बरोबर शोधी काढं. मी पुठ्ठाले हातच लावा नही."

"मग मामा, गाडी परत पाठवायची ना?" गायत्रीने विचारलं.

मामांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "हुशार शे तू. पन घोडी एकदा बिथरनी म्हंजे भरोसा ऱ्हात नही."

साडेसहाला गाडी आली. मामांना दिसावं म्हणून गायत्रीने चांदणीला जुन्या जागी आणून उभं केलं होतं. पलीकडे साध्या बंदुका अजून फटफटत होत्या. प्रत्येक आवाजाला चांदणीचे कान फिरत, पण पाय जागचे हलत नव्हते. गाडीचा मागचा फळका खाली पाडलेला होता. मामा ड्रायव्हरशी काहीतरी बोलत होते. इतक्या लांबून ते ऐकू येत नव्हतं. मग ड्रायव्हरने रिकाम्याच गाडीचा फळका वर लावला. दावं गायत्रीच्या हातातच होतं.