हरवलेले तीन

अलेक्झांड्रियात हिवाळी वादळांना नावं असतात. त्या संध्याकाळी आली ती ‘मकनसा’, म्हणजे झाडू. नावाला जागली अगदी! समुद्राकडून उठली आणि कॉर्निशच्या किनारी रस्त्यावरची माणसं, खुर्च्या, वर्तमानपत्रं, सगळं एका फटक्यात ट्रामथांब्याच्या छपराखाली लोटून मोकळी झाली.

त्या लोटालोटीत दोरसाफ सगळ्यांत शेवटी पोचली. छपराखाली पाऊल ठेवायला जागा नव्हती. तेवढ्यात एक उंच, सावळा तरुण मागे सरला. मागे सरला म्हणजे स्वतः निम्मा पावसात गेला, आणि तिच्यापुरता कोरडा तुकडा मोकळा झाला.

“अय्शक,” ती म्हणाली.

त्याने भुवया उंचावून तिच्याकडे पाहिलं. क्षणभर विचार केला. आणि मग... पावसातच उडी घेऊन रस्त्यापलीकडे पळाला! परत आला तेव्हा शर्ट अंगाला चिकटलेला, केसांतून पाणी गळतंय, आणि हातात कागदात गुंडाळलेल्या गरम भाकऱ्या.

“घ्या. शेवटच्याच होत्या.”

“हे... हे काय?”

“एश. भाकरी. तुम्हीच मागितलीत ना?”

दोरसाफ आधी गोंधळली, मग खळखळून हसली. “अहो, मी आभार मानले तुमचे! आमच्या ट्युनिशियात अय्शक म्हणजे... आयुष्यवंत व्हा.”

“अरे देवा.” त्याने भिजल्या बाहीने तोंड पुसलं. “म्हणजे तुम्ही आयुष्य देत होतात आणि मी भाकरीवर समाधान मानलं!”

“थंड होताहेत. अर्ध्या तुम्ही घ्या.”

“घेतो. आयुष्य वाढलंय, खायला तर लागणारच.”

दोघं भाकरी तोडत उभी राहिली. मग ट्राम आली, दोरसाफ बायकांच्या डब्यात चढली, आणि खिडकीच्या ओल्या काचेतून मागे पाहताना तिच्या लक्षात आलं, नाव विचारायचं राहिलंच की! कोण असेल? कुठे राहत असेल? पावसात पळणाऱ्या माणसाचं पोटापाण्याचं काम काय असेल? प्रश्न विचारणं हा तिचा धंदाच होता. उत्तर न मिळालेला प्रश्न तिला खड्यासारखा टोचायचा.

उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी वर्गात मागच्या बाकावर बसलेलं होतं.

विद्यापीठाने दोरसाफला बोलावलं होतं ते संशोधन करणाऱ्या मुलामुलींना डेटा सांभाळायला शिकवण्यासाठी. नोंद कशी करायची, फाइलला नाव काय द्यायचं, आपल्या मागून येणाऱ्याला ती कळेल अशी कशी ठेवायची. परीक्षा नाही, गुण नाहीत. रबाब नावाच्या एका बडबड्या मुलीच्या फाइलचं नाव ‘शेवटची-वल्लाही-शेवटची’, म्हणजे देवाशप्पथ शेवटची, असं होतं, यावरून वर्ग हसून झाला. मग दोरसाफ म्हणाली, “आकडा पाहुण्यासारखा असतो. दारात आला की विचारावं, कोण आपण? कुठून आलात? कुणी पाठवलं? न विचारता घरात घेतलात तर कुणाला घरात घेतलं ते तुम्हालाच ठाऊक नसतं. आहे कुणाचा तक्ता, पडद्यावर लावायला?”

मागच्या बाकावरून हात वर झाला. भाकरीवाला!

“इहाब,” तो उठून म्हणाला. “मर्यूत सरोवराच्या पाण्याचा खारटपणा मोजतो, दक्तूरा. बुल्टी मासा कुठे टिकतो, कुठे मरतो, त्यासाठी. पहिल्या हिवाळ्याचा तक्ता लावा.”

तक्ता पडद्यावर आला. दोरसाफची नजर वरून खाली फिरली, परत वर गेली, आणि अडली. काहीतरी खुपत होतं. काय बरं...?

“गंमत आहे,” ती पुटपुटली. “या अख्ख्या हिवाळ्यात एकही तीन नाही.”

“काय?”

“तीनाचा आकडा. कुठेच नाही! दोनांची मात्र जत्रा भरलीय.” आणि कुतूहलाच्या भरात, हसत हसत तिच्या तोंडून गेलं, “मनाने आकडे रचणाऱ्यांचे असे लाडके-दोडके असतात बरं का!”

वर्ग खदखदून हसला. इहाब हसला नाही. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला तो तिने पाहिला, आणि आपले शब्द गिळून टाकावेसे वाटले. पण सुटलेला शब्द गिळता येतो का कुणाला?

दुपारपर्यंत तो शब्द इहाबच्या मार्गदर्शक डॉ. फौझिया यांच्या कानांवर गेला. बाई कडक. संध्याकाळी रबाब धापा टाकत दोरसाफकडे आली. “दक्तूरा, अहो काय करून बसलात! फौझियाबाई म्हणतात, आकडे रचलेत की नाही ते गुरुवारी समितीपुढे ठरेल. ठरलं ना, तर इहाबचा प्रबंध गेला म्हणून समजा. अन् नावाला डाग तो वेगळाच.”

“त्याने रचलेत असं वाटतं तुला?”

“तो? तो भाजीवाल्याला जास्तीचं लिंबू परत करतो हो!”

दोरसाफ रात्रभर तळमळली. सकाळी तिच्या टेबलावर इहाबची एक चिठ्ठी होती. ‘मूळ कागद दाखवायचे आहेत. आज या, सरोवरकाठच्या आमच्या शेडवर.’ खाली वेळ, अरबी आकड्यात. तिने आकडा वाचला, दोन. दोनाला ती सरोवरावर हजर.

शेडला कुलूप. वारा बोचरा. लव्हाळ्यांच्या बेटांत पाणकोंबड्या ओरडत होत्या आणि आभाळ खाली खाली येत होतं. येईल... आता येईल... रस्त्यावर कुणाची सावली हलली की तिचं काळीज उगाच हलायचं. पाऊण तासाने बोटं बधिर झाली, तशी ती निघाली. कागदच नसतील दाखवायला, असं मन म्हणालं, आणि त्या मनाचाच तिला राग आला.

दुसऱ्या दिवशी जिन्यात समोरासमोर गाठ पडली.

“वाट पाहिली मी,” तो खाली बघत म्हणाला. “भाजलेली रताळी आणली होती. गार झाली. यायचं नव्हतं तर... तसं सांगायचं.”

“मी? मी गोठले तिथे! दोनपासून उभी होते!”

“दोनपासून? मी तीन लिहिलं होतं.”

“दोन लिहिलं होतं तुम्ही!” तिने पर्समधून चिठ्ठी काढून त्याच्या नाकासमोर धरली. “हा काय?”

“तीन.”

“एकच खाच आहे याला! दोनाला एक खाच, तीनाला दोन असतात. मुसहफाच्या, कुराणाच्या पानांवर लहानपणापासून बघतेय मी.”

“छापील तीनाला, दक्तूरा. हाताने इथे कोण दोन खाचा काढत बसतं? एक खाच म्हणजे तीन. आणि दोनाला खाच नसतेच, नुसता गळ.” त्याने हवेत बोटाने मासा धरायचा गळ काढला.

दोरसाफ तोंड उघडं ठेवून त्या बोटाकडे बघत राहिली. ट्युनिशियात हिशेब, वेळा, तारखा सगळं फ्रेंचांसारख्या आकड्यांत. हे अरबी आकडे तिने वाचले ते फक्त छापलेले. म्हणजे जो कुणी तिच्यासारखा...

“इहाब! पहिल्या हिवाळ्याचे आकडे कागदावरून संगणकात कुणी घातले?”

“यूनुसने. माझ्या खोलीवरचा सोबती. फार गुणी पोरगा, पण...”

“कुठला?”

“ओरानचा. अल्जीरियाचा.”

ती जिन्याच्या पायरीवर मटकन बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. “तो पण बिचारा माझ्यासारखाच, फ्रेंच आकड्यांवर वाढलेला! गळ दिसला, दोन लिहिलं. खाच दिसली, तरी दोनच. तुमचे सगळे तीन त्याने दोन करून टाकले हो!”

इहाबही शेजारी बसला. “म्हणजे... मी काही...”

“काही केलं नाहीत. एक गोष्ट सोडून. कुणाच्या हाताने, कोणत्या वळणाच्या आकड्यांत लिहिलंय हे तक्त्यावर कुठेच सांगितलं नाहीत. आणि मी त्याहून वाईट केलं. विचारायच्या आधी बोलले.”

गुरुवारी समितीपुढे मूळ कागद आणि तक्ता शेजारी शेजारी ठेवले. डॉ. फौझियांनी चष्मा वर-खाली करत ओळ न् ओळ ताडून पाहिली. एका खाचेचा प्रत्येक आकडा तक्त्यात दोन होऊन बसला होता. बाई म्हणाल्या, “ठीक. पण हे रचल्याचं बोलणं आलं कुठून?”

दोरसाफ उठून उभी राहिली. “माझ्या तोंडून, दक्तूरा. वर्गात, सगळ्यांसमोर, हसण्यावारी. म्हणून इथेही सगळ्यांसमोर सांगते, चूक माझी होती. हा माणूस खरा आहे, याचं पाणी खरं आहे.”

फौझियाबाईंनी कागद इहाबकडे सरकवले. “पुन्हा भर सगळं. स्वतः.” आणि मग, कधी नव्हे ते, गालातल्या गालात, “आणि तीनाला दोन खाचा काढायला शिक, बाळा.”

वर्गाचा शेवटचा दिवस आला. संध्याकाळी रबाबने दोघांना ओढत समुद्रावर नेलं आणि गाड्यावरून हुम्मुसचे वाफाळते पेले घेतले, टोमॅटोच्या तिखट रश्श्यात बुडालेले हरभरे. मशिदीकडून मगरिबच्या नमाजानंतर कुणी मुन्शिद पैगंबरांची स्तुती गात होता. एक ओळ गायची, थांबायचं, तीच ओळ पुन्हा वरच्या सुरात न्यायची... असं की ऐकणाऱ्याचा श्वास तिथेच अडकावा. गाडेवाल्याने पळी हातातच धरून डोळे मिटले. “अल्लाह!” त्याच्या तोंडून आपसूक गेलं.

“दक्तूरा,” इहाब म्हणाला. पेल्यात बघत. “एक नंबर हवा होता.”

“कसला?”

“तुमच्या... वडिलांचा.”

“बाबांचा? कशाला? बिझर्तला जाळ्यांचं दुकान आहे त्यांचं. खारटपणातलं त्यांना ओ की ठो कळत नाही.”

रबाबला ठसका लागला. हुम्मुस नाकात गेलं. “या रब्बी! अहो दक्तूरा, आमच्याकडे पोरगा मुलीच्या बापाचा नंबर मागतो तो काय जाळी घ्यायला? मी... मी लिंबू घेऊन येते.” आणि ती गेली. लिंबू गाड्यावरच ठेवलेलं होतं.

दोरसाफच्या कानांपर्यंत ऊब चढली. हुम्मुस फार तिखट नव्हतं.

“कधीपासून?” तिने विचारलं. विचारल्याशिवाय राहवेना तिला.

“समितीपुढे उभ्या राहिलात, चूक माझी म्हणालात... तेव्हापासून. आयुष्यात कुणी माझ्यासाठी तसं उभं राहिलं नव्हतं.” तो थांबला. “आणि खरं म्हणजे त्याच्याही आधीपासून. पण ते सांगायची हिंमत नाही.”

“आणि मी नाही म्हटलं तर?”

“तर नंबर मिळणार नाही, एवढंच. बाकीचं... बाकीचं माझं मी सोसेन.”

लाट दगडांवर फुटली, तुषार दोघांच्या अंगावर आले. कुणीच मागे सरलं नाही.

“बाबांचा नंबर मी देणार नाही,” दोरसाफ म्हणाली.

त्याने हळूच मान हलवली, पेला कठड्यावर ठेवला.

“इतक्यात नाही,” ती घाईने पुढे म्हणाली. “असं कसं, थेट बाबांचा? आधी माझा तर मागा!”

इहाबने वर पाहिलं. मग शर्टाचा खिसा चाचपला, पँटचे दोन्ही, कोटाचा आतला... फोन कुठेच नव्हता. बहुतेक घाबरून घरीच विसरला होता.

“सांगा,” तो म्हणाला. “पाठ करतो.”

तिकडे मुन्शिदाने ओळ पुन्हा वर नेली. आणि दोरसाफने सांगायला सुरुवात केली. एकेक आकडा, हळू, मध्ये मुद्दाम थांबत... आणि तो प्रत्येक आकडा तिच्यामागून म्हणत राहिला.