उथळ कुंडीतला वड

कुशाबामामाचं घर मुळशी धरणाच्या काठावर, एका वडाखाली होतं. वडाशेजारी म्हणणं चुकीचं ठरलं असतं. खोडाएवढ्या जाड पारंब्या चहूकडे उतरल्या होत्या, आणि घर, गोठा, अंगण सगळं त्यांच्या आतच होतं. मूळ खोड कोणतं, हे मामालाही सांगता येत नसे.

अमोघच्या लहानपणीच्या सगळ्या सुट्ट्या तिथे गेल्या. आता तो महाळुंग्यात नवव्या मजल्यावर राहत होता, हिंजवडीला नोकरी करत होता, आणि बाल्कनीत बोन्साय करायचा त्याला नाद लागला होता.

"जगातलं सगळ्यात मोठं झाड अमेरिकेत आहे, मामा," एकदा त्यानं सांगितलं. "आणि आंध्रातला एक वड पाच एकरांच्या आसपास पसरलाय."

"आसंल," मामा म्हणाला. "पर आपला अजून चाललाय."

त्याच दिवशी अमोघनं बोन्सायसाठी फांदी मागितली. मामानं स्वतः कोयत्यानं तोडून दिली. "ने की. येवढ्या झाडाचं काय जातंय?" वाटेत सुकू नये म्हणून त्यानं ती ओल्या फडक्यात गुंडाळली.

फांदीनं लवकर जीव धरला. मोठ्या वडाचे फोटो समोर ठेवून अमोघ एकेक डहाळी तशीच वळवायचा. मामाच्या गोठ्यावर जी फांदी होती, तिच्या जागची डहाळी सारखी वर जायची. त्यानं तिला तांब्याची तार गुंडाळून खाली वाकवली. फोटोपेक्षा जरा जास्तच, कारण तशी ती देखणी दिसत होती.

दिवाळीला तो गावी गेला, तेव्हा मामा गोठ्यापाशी टेकू लावत होता.

"फांदी खाली आलीया," चंद्राबाई, म्हणजे मामी, म्हणाली. "पावसानं जड झाली आसंल."

अमोघनं वर पाहिलं. फांदीच्या सालीवर खोल वळ उठला होता, वेटोळे घेत टोकापर्यंत गेलेला. एखादा रानवेल आवळून बसला असेल आणि मग वाळून गळून पडला असेल. त्याला ते पटलं.

परतल्यावर त्यानं बोन्सायची तार सोडवली. ती सालीत रुतली होती. व्रण काही भरेना, तेव्हा एका रविवारी सकाळी त्यानं ती डहाळी काढून टाकायची ठरवली. कात्रीच्या पात्यांत डहाळी धरून तो क्षणभर थांबला. मग स्वतःशीच हसला आणि कात्री दाबली. पांढरा चीक थेंबाथेंबानं गळू लागला. त्यानं कापावर चिमूटभर राख दाबली.

थोड्याच वेळात गावाहून फोन आला. मामा म्हशीला वैरण टाकत असताना गोठ्यावरची फांदी त्याच्या अंगावर कोसळली होती. वाऱ्याची झुळूकही नव्हती.

अमोघ पोहोचला तेव्हा मामाला ओसरीवर निजवलं होतं. गोठ्याचे पत्रे चेपले होते. मोडलेल्या फांदीला ढलप्या निघतात. इथे मात्र काप परातीसारखा गुळगुळीत होता.

"करवत लावल्यावानी," कुणीतरी हळूच म्हणालं.

कापातून चीक गळत होता. मधोमध राखेसारखा करडा डाग होता.

दहनाला उभा असताना अमोघला फक्त ते ओलं फडकं आठवत होतं. मामीला काय सांगायचं? तिनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला, तेव्हा तो शहारला.

"मामी, माझ्याकडे चल राहायला."

"हितं त्यांची सावली हाय," ती म्हणाली. "मी न्हाई यायची."

त्यानंतर अमोघनं कात्री टाकून दिली. झाडाला फक्त पाणी घालायचा, तेही हातानं, हळू. कुंडी जागची हलवली नाही. कुणाला देऊन टाकावी, तर तो झाड कापल्याशिवाय राहणार नाही. जमिनीत लावावं, तर मुळं सोडवावी लागणार.

पुढच्या उन्हाळ्यात झाडाची पानं पिवळी पडू लागली. उथळ कुंडीत मुळांची दाटी झाली असणार. मुळं छाटली नाहीत, तर झाड मरतं.

"वड लई सुकलाय रं," मामीही फोनवर म्हणाली होती.

एका सकाळी राहवलं नाही. मुळं तळाच्या भोकातून बाहेर आलीत का, एवढंच बघायचं होतं. त्यानं डाव्या हातानं कुंडी अलगद एका बाजूला कलती केली आणि वाकून खाली पाहिलं.

टेबलावरचा फोन वाजला. मामीचा होता. कुंडी तशीच धरून त्यानं तो उजव्या हातानं उचलला.

"आमोघ, हंडं कलंडलं रं समदं. जमीन एका अंगाला झालीया. मी भिंतीला धरून हुबी हाय."

त्यानं कलत्या कुंडीकडे पाहिलं.

"आता कसं आहे, मामी?"

"तसंच हाय. कुनीतरी धरून ठिवल्यावानी."

कुंडी खाली कशी ठेवायची, ते त्याला कळेना. हळू ठेवावी, की आहे तशीच धरून राहावं? मनगटात कळ आली. डावा हात थरथरू लागला.

"आगं बया," फोनमधून मामीचा आवाज आला, "आता हलाया लागलं."