भिंगरीची जागा

वीज गेली की माणसं अडखळतात. नाना हिवसे मात्र वीज असली की पडायचे आणि वीज गेली की घरभर ताठ चालायचे.

नागपूरच्या एका संशोधन संस्थेतल्या स्थैर्य प्रयोगशाळेत चहा पिता पिता डॉ. रेवती हिवसेनं हे सांगितलं, तेही वैतागून. नाना तिचे वडील, अमरावतीला एकटे राहणारे. जन्मभर रेडिओवर निवेदक होते, त्यामुळे आवाज खणखणीत आणि कान नको तितके तिखट. मधुमेहानं त्यांची पावलं बधिर होत चालली होती. दोनदा पडल्यावर बापलेकीत ठरलं होतं की आणखी एकदा पडले तर घराला कुलूप लावून नागपूरला यायचं. परवा ते स्वयंपाकघराच्या दारात पुन्हा पडले. हाडं शाबूत राहिली, पण शब्द दिलेला होता. रविवारी रेवती त्यांना आणायला जाणार होती.

"आणि ते तयार आहेत?" डॉ. नसरीन मुजावरनं विचारलं. नसरीन मज्जातंतूंची तज्ज्ञ आणि रेवती ध्वनीची. माणूस उभा कसा राहतो हे नसरीन शोधायची, आणि तिची यंत्रं फार आवाज करू लागली की त्यांना गप्प बसवायचं काम रेवतीचं.

"तयार कसले? शेजारच्या सुमनताईंना दिसत नाही. नाना रोज दुपारी त्यांना पेपर वाचून दाखवतात, अगदी बातम्या देत असल्यासारखे. आता फोनवर एकच पालुपद. 'तिले पेपर कोन वाचून दाखवीन?' मला काय आनंद होतोय का त्यांना उपटून आणण्यात? पण परत पडले आणि खुबा मोडला तर?"

"ते वीज असताना पडतात, ही काय भानगड आहे?"

"भानगड कसली! उजेडात माणूस बेफिकीर होतो, अंधारात जपून चालतो."

"पण दुपारी वीज गेली तर अंधार कुठे असतो?"

रेवतीनं कप खाली ठेवला. हा प्रश्न तिला सुचला नव्हता, आणि सुचला नव्हता याचा तिला रागही आला. नाना परवा पडले ते भर दुपारी, आणि त्याच दुपारी वीज गेल्यावर उठून त्यांनी स्वतः चहा केला होता.

"तुमच्याकडे इन्व्हर्टर कुठे ठेवलाय?" नसरीननं विचारलं.

"तो विषयच काढू नकोस," रेवती म्हणाली.

त्या काळात शहरांना वीज पाळीनं मिळे. आज या भागाला दुपारी नाही, उद्या त्या भागाला सकाळी नाही. घरोघरी इन्व्हर्टर आले होते, पण जुन्या बॅटऱ्यांचे नव्हेत. त्यांच्या पोटात एक जड पोलादी चाक असे. वीज असली की ते चुंबकांवर तरंगत गुपचूप फिरत राही, आणि वीज गेली की त्याच फिरण्यातून घराला वीज मिळे. लोक त्याला भिंगरी म्हणत. स्वस्त आणि टिकाऊ वस्तू होती, फक्त भार आला की घरघरायची, खडखडायची आणि खालची फरशी थरथरवून सोडायची.

नानांची भिंगरी हॉल आणि स्वयंपाकघर यांच्या मध्ये, येण्याजाण्याच्या वाटेत होती. बसवणाऱ्यांनी पहिल्या मजल्यापर्यंत ती कशीबशी चढवली आणि दम लागला तिथेच टेकवली. तेव्हापासून घरात दुसरा विषय नव्हता. गॅलरीत न्यावी तर खालचे भांडायला येणार. दिवाणाखाली ठेवू म्हटलं तर नाना म्हणाले, "म्हंजे मी गिरणीवर झोपू का?" झोपायच्या खोलीत दार लावून ठेवावी तर तिला हवा मिळणार नाही. परवाच्या पडण्याआधी, गच्चीवर न्यायची असं शेवटी ठरलं होतं, आणि नानांची ती एकच मागणी रेवतीनं विनातक्रार मान्य केली होती. आवाजाच्या बाबतीत ती बापाचीच लेक होती.

नसरीननं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "गच्चीवर नेऊ नकोस. निदान मी येईपर्यंत तरी नको."

"का?"

"तंतू आपल्यासारखाच आळशी असतो. ठरावीक जोराचा धक्का लागल्याशिवाय तो मेंदूला निरोप धाडत नाही. मधुमेहात हा उंबरठा उंच होत जातो. शरीर कललं तरी पावलाकडून येणारा इशारा इतका क्षीण असतो, की तो उंबरठ्याच्या अलीकडेच राहतो. मेंदूला कळतं तेव्हा माणूस जमिनीवर असतो."

"हे मला माहीत आहे गं."

"मग पुढचं ऐक. पीठ चाळताना शेवटी थोडं चाळणीत अडून बसतं. काय करतेस?"

"टिचकी मारते."

"टिचकीत काही पीठ नसतं. पण तिच्यामुळे अडलेलं पीठ खाली पडतं. जमिनीच्या वेड्यावाकड्या थरथरीतही माहिती काहीच नसते. पण क्षीण इशाऱ्यात ती मिसळली की दोघं मिळून उंबरठा ओलांडतात. मी याला गोंगाटसाह्य म्हणते."

रेवतीची सारी नोकरी गोंगाटाचा गळा दाबण्यात गेली होती. गोंगाट कुणाचा हात धरून चालवत असेल, हे तिच्या डोक्यात कधी आलंच नसतं. नानांच्याही नाही.

"आणि पाय चांगला असेल तर?" तिनं विचारलं.

"पीठ आपसूक पडत असताना टिचक्या मारल्या तर नुसता पसारा होतो. निरोगी माणूस अशा फरशीवर थोडा जास्तच डोलतो. अधू पायाचा मात्र सावरतो. म्हणून तर हे तपासता येतं."

रविवारी दोघी डोलमापक गाडीत टाकून अमरावतीला गेल्या. वजनकाट्यासारखी दिसणारी ती पाटी होती. तिच्यावर डोळे मिटून उभं राहिलं की माणूस किती डोलतो हे पडद्यावरच्या रेषेत उमटे.

नाना बॅग भरून, इस्त्रीचा सदरा घालून खुर्चीत बसले होते. चेहरा पाहुण्यांसमोर ठेवावा तितका शांत. नसरीननं पाटी वाटेत, भिंगरीच्या शेजारी मांडली, तसा तो शांतपणा टिकला नाही.

"हे काय करून राह्यल्या तुम्ही? मले न्यायले आल्या ना?"

"काका, न्यायचं की नाही ते ही पाटी सांगेल," नसरीन म्हणाली. "आधी पाय दाखवा."

तिनं पिशवीतून नायलॉनचा एक जाड धागा काढला. नानांना डोळे मिटायला सांगून ती धाग्याचं टोक तळपायाला ठिकठिकाणी लावत गेली. धागा वाकेपर्यंत दाबायचा, आणि कळलं की त्यांनी 'हो' म्हणायचं. नानांनी फारच थोड्या वेळा 'हो' म्हटलं. रेवतीला ते पाहवेना, तिनं खिडकीबाहेर नजर वळवली.

मग नाना पाटीवर उभे राहिले. पडद्यावरची रेषा भांबावलेल्या मुंगीसारखी सैरावैरा धावू लागली. रेवती हात पुढे करूनच उभी होती. नसरीननं मेन स्विच पाडला. भिंगरी घरघरली, फरशी थरथरली, नानांच्या कपाळावर आठी पडली. रेषा मात्र आक्रसत आक्रसत लहानशा ठिपक्यापुरती उरली.

"डोळे उघडा काका. बघा."

नानांनी पडद्याकडे पाहिलं, मग वाटेतल्या त्या धुडाकडे. "म्हंजे हे मले धरून व्हतं?"

"हो. आणि तुम्ही दोघं त्याला गच्चीवर पाठवायला निघाला होतात."

रेवती हसायला गेली आणि तिला रडू आलं. नानांना न्यायची गरज उरली नव्हती. वीज असतानाही भिंगरीवर भार ठेवायची सोय करणं हे तिच्या हातचं काम होतं. पुढे थरथरणारे, पण बिनआवाजी तळवे चपलेत बसवता येणार होते. नसरीन म्हणाली, ते करायला काही महिने जातील. तोवर भिंगरी वाटेतच, घराच्या मधोमध राहणार होती.

"राहू दे," नाना म्हणाले. "सुमनताईले जरा मोठ्यानं वाचून दाखवीन. तिलेबी कमीच ऐकू येते." आणि त्यांनी स्वतः उठून बॅग आतल्या खोलीत नेऊन ठेवली.

आता फक्त नोंद पुरी करायची होती. तुलनेला निरोगी माणूस हवा, म्हणून नसरीननं रेवतीला पाटीवर उभं केलं. वीज असताना एकदा, मेन पाडून एकदा. दुसऱ्या वेळी रेषा थोडी फाकायला हवी होती.

ती आवळली गेली.

"तारा उलट्या लागल्या असतील," रेवती म्हणाली.

नसरीननं तारा तपासल्या. मग ती स्वतः पाटीवर चढली आणि रेवतीला पडद्यापाशी बसवलं. वीज असताना नसरीनची रेषा नेटकी होती. भिंगरी घरघरू लागली तशी ती फाकली, जशी फाकायला हवी तशीच. पाटीत काही बिघाड नव्हता.

नसरीन खाली उतरली. रेवतीला विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं, चाळणीची गोष्ट ती नुकतीच पूर्ण ऐकून बसली होती. सारं समजत असूनही तिला भीती वाटली, आणि ती भीती लहानपणी ताप आल्यावर वाटायची तशीच होती. म्हणूनच की काय, तिनं आधी नानांकडे पाहिलं.

"साखर केव्हा तपासली होती?" नानांनी विचारलं.

"मला कुठे काय होतंय नाना?"

"मलेबी काही होत नव्हतं."

भिंगरी चालूच होती. नाना काठी न घेता हॉल ओलांडून आले, रेवतीसमोर वेताचा मोडा ओढून बसले आणि ती नको नको म्हणेपर्यंत त्यांनी तिचा पाय उचलून मांडीवर घेतला. बापानं लेकीच्या पायाला असा हात लावणं तिला अवघड वाटलं, पण पाय काढून घेणं तिच्यानं झालं नाही. नानांनी नसरीनपुढे हात केला. तिनं धागा दिला आणि जाऊन मेन चालू केला. घरघर थांबली. घरात एकदम शांतता झाली. इतकी वर्षं बापलेकीला हवी होती ती हीच.

"डोळे मिट," नाना म्हणाले. "कळलं की सांग."

रेवतीनं डोळे मिटले. ती वाट पाहत राहिली. वयामुळे नानांचा हात सावकाश चालतो, हे ती जाणून होती. शेवटी तिनंच हसून म्हटलं, "नाना, लावा की आता."

धागा केव्हाचा तिच्या अंगठ्याला टेकून वाकलेला होता.