डबा संपेपर्यंत

ताईच्या जुन्या सोफ्याला नवं कापड बसलं, एवढ्याशा निमित्तावर तिने पार्टी ठेवली. कापड दुधाळ पांढरं. आणि मी घेऊन गेले लाल वाइन... तीही बाटलीतली नाही, डब्यातली. पुठ्ठ्याचा खोका, आत पिशवी, पिशवीला तोटी. स्वस्त आणि मस्त.

ताईने दारातच कपाळाला हात लावला. "अगं, पार्टीला आलीस की रंगकामाला?"

मार्कर घेऊन तिने खोक्यावर ठळक अक्षरांत लिहिलं, ‘बाहेर आणायचा नाही’, आणि माझा डबा स्वयंपाकघरात नेऊन ठेवला.

थोड्या वेळाने ग्लास भरायला गेले, तर फ्रीजपाशी एक उंच माणूस उकिडवा बसलेला. पुठ्ठ्याच्या भोकात त्याचं बोट अडकलं होतं.

"तोटी शोधतोय," तो अगदी शांतपणे म्हणाला.

"आधी बोट काढा."

"तेच जमत नाहीये."

मी पुठ्ठा फाडून बोट सोडवलं. ताईच्या सोफ्याचं कापड यानेच बसवलं होतं म्हणे.

"मग इथे काय करताय? बाहेर सगळे तुमचंच कौतुक करतायत."

"बाहेर बसवत नाही हो. तुमचे भाऊजी तेलकट हाताने सोफा कुरवाळतायत. माझा जीव वरखाली होतो." मग डब्याकडे बघत म्हणाला, "चांगली असते का ही?"

"डोळे मिटा," मी म्हटलं.

एका ग्लासात भाऊजींच्या महागड्या बाटलीतली ओतली, दुसऱ्यात माझी. मी चष्म्याच्या दुकानात नंबर काढते. दिवसभर तोंडात एकच वाक्य, तेच बाहेर पडलं — "हे बरं की ते?"

एक घोट. दुसरा घोट. कपाळाला आठ्या.

"पुन्हा दाखवा," तो म्हणाला.

माझं प्रत्येक गिऱ्हाईक अगदी अस्संच म्हणतं. मला हसू आवरेना.

"दोन्ही सारखंच दिसतंय, डॉक्टर."

"मी डॉक्टर नाही."

"बरं, डॉक्टर." डोळे अजून मिटलेलेच. "पण मग बाटलीच का नाही आणलीत?"

डोळे मिटलेल्या माणसाशी बोलणं सोपं जातं. मी खरं ते सांगून टाकलं. "बाटली उघडली की दोन दिवसांत संपवायला लागते. एकट्या माणसाला त्याचंही ओझं होतं. डब्याचं बरं असतं. पिशवी आतल्या आत आवळत जाते, हवा शिरत नाही, कितीतरी दिवस टिकते. वाटलं तर घ्या अर्धा ग्लास. नाही वाटलं, नका घेऊ. कुणी विचारत नाही."

त्याने डोळे उघडले आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला. मी उगाचच धुतलेला ग्लास पुन्हा धुवायला घेतला.

निघताना ताईने तो डबा माझ्याच गळ्यात मारला. जवळपास भरलेला होता, हात भरून आले. सोफेवाला सोबत निघाला होता. त्याचं वर्कशॉप वाटेवरच लागलं. "आज इथेच राहू दे," तो म्हणाला. "शनिवारी या. आपण पिऊ थोडी."

गेले. मग पुढच्या शनिवारीही गेले.

वर्कशॉपमध्ये स्प्रिंगा, फोमचे तुकडे, कापडाचे तागे. दुरुस्तीला आलेल्या खुर्च्यांतली रिकामी असेल ती माझी, म्हणजे दर वेळी वेगळी. तो खुर्चीच्या खळग्यावरून बसणाऱ्याची कुंडली मांडायचा. "हा माणूस डावीकडे झुकून बसतो. तिकडे खिडकी असणार... किंवा बायको."

"किंवा टीव्ही," मी म्हणायचे.

आमच्या डब्याची तोटी गळकी निघाली. थेंब... थोडं थांबून पुन्हा थेंब. त्याने खिळे ठेवायची कडा उडालेली बशी रिकामी करून तोटीखाली सरकवली. जाताना ती धुवायचं काम माझं.

एका शनिवारी तो टाके घालता घालता म्हणाला, "पुढे काय, डॉक्टर?"

मी ग्लास खाली ठेवला. मी सांगितलं त्याला. लग्न ठरलं होतं माझं. मी ग्लास कसा धरावा इथपासून तो माणूस मला सुधारत होता, आणि मी सुधारतही होते, वेड्यासारखी. हॉल ठरला, तारीख ठरली, आणि त्याने मोडलं. तेव्हापासून काही ठरवायचं म्हटलं की मला पळून जावंसं वाटतं.

"हा डबा आहे तोवर मी येईन," मी म्हटलं. "संपला की आपापल्या वाटेने. काही विचारायचं नाही."

त्याच्या हातातली सुई थांबली. "ठीक आहे," तो म्हणाला.

इतक्या लवकर ‘ठीक आहे’ म्हणेल असं वाटलं नव्हतं. घरी जाऊन चिडचिड केली, तीही स्वतःवरच.

डबा हलका होत चालला. मी अर्धाच ग्लास घेऊ लागले, मग त्याच्याही निम्मा. आणि मग एका शनिवारी निघायच्या वेळी बशी उचलली, तर ती कोरडी ठणठणीत.

तोटी गळत नव्हती. खोका तोच, ताईचं ‘बाहेर आणायचा नाही’ तसंच. पण उचलून पाहिला तर चांगला जड. तळाचा पुठ्ठा उघडून पुन्हा चिकटवलेला होता, इतका सफाईने की हे काम कुणाचं ते वेगळं सांगायला नको. नवीन डबा आणून त्यातली पिशवी या खोक्यात घातली होती शहाण्याने!

तो पाठमोरा उभा, कानाची पाळी लाल. मला इतका आनंद झाला की रडू येईल असं वाटलं. मी कोरडी बशी धुतली, पुसली आणि पुन्हा तोटीखाली ठेवली. पुढेही दर शनिवारी ठेवत राहिले.

पण तीही पिशवी शेवटी तळाला गेली. त्याने खोका तिरका केला, पिशवी पिळली. दोन घोट पडले, ते त्याने माझ्या ग्लासात ओतले.

"संपला," तो म्हणाला.

मी वाट बघितली. त्याने खुंटीवरची माझी पर्स काढून माझ्या हातात दिली. बस्स, एवढंच.

"एवढंच?"

"अट तुमची होती."

"मागच्या वेळी नाही पाळलीत ती."

तो बघतच राहिला. "कळलं होतं तुम्हाला?"

"दिवसभर लोकांचे डोळे तपासते मी. गळकी तोटी गळायची थांबली, हे दिसणार नाही?"

"मग बशी... बशी का ठेवत होतात?"

"तुमच्यासाठी. मला कळलंय असं कळलं असतं, तर तुम्ही लाजून थांबला असतात." मी पर्स छातीशी धरली. "आणि मला ते थांबायला नको होतं. मग या वेळी का नाही आणली पिशवी?"

तो समोरच्या खुर्चीत बसला. "एकदा फसवून थांबवलं तुम्हाला. गोड वाटलं, पण मनात टोचत राहिलं. म्हटलं, आता राहायचं असेल तर त्यांचं त्या राहतील. आणि नसेल राहायचं..." त्याने खुर्चीच्या हाताचा सुटलेला दोरा ओढला. "मला तुम्ही फार आवडता, डॉक्टर."

"विचार मग."

"काय?"

"काही विचारायचं नाही, ही अट मी मागे घेतली. विचार ना रे."

तोंडून ‘रे’ निसटलंच. आता माझेही कान तापले.

"येशील?" त्याने विचारलं. "पुढच्या शनिवारी?"

"उद्या येईन. परवाही येईन. मलाही तू आवडतोस, कधीपासून... त्या अडकलेल्या बोटापासून बहुतेक."

तो हसला. मग उठून त्याने बशी पुसली आणि तिच्यात पुन्हा खिळे ओतले. "चल, दुकान उघडं असेल. नवा डबा आणू."

"डबा नको," मी म्हटलं. "आज बाटली घेऊ."

"बाटली? ती दोन दिवसांत संपवायला लागते ना?"

"हो," मी म्हटलं आणि पर्स परत त्याच खुंटीला अडकवली. "दोघं आहोत की."